राघो मास्तरांचा गुडघा

"माफी तोंडानं मागायची नसते रं बाबा, पायानं चालत जाऊन मागायची. गाडीत बसून गेलास तं ती माफी न्हाय, नुसती भेट झाली."

नवशाच्या आईने, बायजाबाईने, हे सांगितलं ते ठाण्याच्या तुरुंगात, भेटीच्या जाळीत बोटं अडकवून. आणखीही एक गोष्ट तिने त्याच दिवशी सांगितली. वज्रेश्वरीला ती नवस बोलली होती: पोर सुखरूप बाहेर येऊ दे, राघो मास्तरांच्या पायांवर डोकं ठेवीपर्यंत त्याच्या पायात वहाण दिसणार नाही. बोलली आई, फेडायचं लेकानं. आपल्याकडे ही रीतच आहे. नवशाने जाळीपलीकडून मान हलवली आणि म्हणाला, "जाईन आये." तो सुटून येण्याआधीच म्हातारी देवाघरी गेली आणि तो शब्द तसाच राहिला.

नवशा स्वतःही नवसाचाच. भिवंडीजवळच्या खेड्यात, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात चिंध्यांचा चेंडू लाथाडत वाढलेलं पोर. मुंबईच्या एका गिरणीने त्याला कामावर घेतलं ते साच्यावर कापड विणायला नव्हे, गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळायला. हजेरी खात्यात लागायची आणि घाम मैदानावर गळायचा. राहायला चाळीत खोली मिळाली. गावी आला की पोरं त्याचे बूट हातात घेऊन वास घ्यायची.

मग तो लीगचा सामना आला. शेवटच्या घटकेला नवशाने गोल मारला, लोक मैदानात धावले, आणि पंच असलेल्या राघो मास्तरांनी शिट्टी फुंकून हात वर केला. ऑफसाईड, गोल बाद. नवशाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याच्या बुटाची लाथ मास्तरांच्या गुडघ्यावर बसली आणि वाटी फुटली.

कोर्टाने तुरुंग दिला. लीगने तीन हंगाम बंदी घातली. जो खेळत नाही तो खेळाडू कसला, म्हणून गिरणीने नाव कमी केलं आणि नावामागून खोलीही गेली. ज्या लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, ते त्याला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरू लागले. पण खरी झीज आतली होती. शिट्टी ऐकली की पूर्वी त्याचे पाय धावायचे. तुरुंगात त्याच शिट्टीवर रांगेत उभं राहून गिनती द्यावी लागली. आता नाक्यावरच्या पोलिसाने शिट्टी मारली तरी तो जागच्या जागी थिजायचा, हात आपोआप मांड्यांना चिकटायचे.

सुटल्यावर तो भिवंडीत आला आणि पावरलूमवर लागला. त्याची बायको तुळजा शेजारच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. नवशा अनवाणीच उभा राहायचा, तेलकट फरशीवर. सोबतचे कारागीर थट्टा करायचे, म्हणायचे, बूटवाल्याला आता चप्पलही परवडेना. तो हसून सोडून द्यायचा. टाचांना भेगा पडल्या, तळवे शेतकऱ्यासारखे राठ झाले. नवस असा पायांना चिकटला होता, पण ते पाय काही मास्तरांच्या दाराकडे वळत नव्हते. आधी म्हणाला, गणपती होऊ देत. मग म्हणाला, पावसाळा जाऊ दे. तुळजाने कधी टोकलं नाही. तिला ठाऊक होतं, नवऱ्याला मास्तरांच्या रागाची भीती नाही. मास्तर लंगडत दार उघडायला येतील, ते बघायची भीती आहे.

दसरा झाला आणि बंदी सरली. पुढच्याच शुक्रवारी सावळाराम आला. गिरणीच्या संघात हा नवशाच्या डाव्या हाताला खेळायचा. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद, त्यामुळे गल्लीत कधी नव्हे ती शांतता होती आणि बोलताना ओरडावं लागत नव्हतं. सावळारामच्या हातात नवशाचे जुने बूट होते, खोली गेली तेव्हा त्याच्याकडे राहिलेले, तेल लावून मऊ केलेले. गिरणीच्या नव्या मॅनेजरने नवशाची आठवण काढली होती. रविवारी सकाळी मैदानावर यायचं, त्यांच्यासमोर खेळून दाखवायचं. पायात अजून धमक असली तर संघ, नोकरी, सगळं परत. नसली तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हेही सावळारामने लपवलं नाही.

"घाल की पायात," तो म्हणाला. "का संन्यास घेतलास?"

नवशाने बूट मांडीवर घेतले, नाडीवरून अंगठा फिरवला आणि तसेच बाजूला ठेवले. "तुळजा येऊ दे," म्हणाला.

तुळजा सकाळीच वज्रेश्वरीला गेली होती. शुक्रवार देवीचा, तिचा कडक उपास. त्या दिवशी ती पाणीसुद्धा दर्शनानंतर घ्यायची. नवऱ्याचे पाय मोकळे करायला तिने मनाशी एक वाट काढली होती. आपले वाळे मोडून सोनाराकडून चांदीची दोन इवलीशी पावलं घडवून घेतली होती. ती देवीच्या पायाशी वाहायची, नवस बदलून घे म्हणायचं आणि नवऱ्याला बूट घालू द्यायचे. नवशाने नवसाची ही सगळी गोष्ट सांगितली तेव्हा सावळारामला एकदम पटलं. देवी मायाळू आहे, चालवून घेईल, असं त्याचं मत पडलं.

उन्हं कलताना तुळजा परत आली. पदराची गाठ तशीच होती. ती तिने नवशासमोर सोडली, आणि चांदीची पावलं चटईवर ठेवली.

"वाहिली न्हाईत?" नवशाने विचारलं.

तिने आधी देवीचा अंगारा त्याच्या कपाळाला लावला, मग बसून सावकाश सांगितलं. दर्शनाआधी हातपाय धुवायला ती अकलोलीच्या गरम कुंडावर उतरली होती. तिथे पायरीवर एक माणूस पाण्यात पाय सोडून बसला होता, काठी शेजारी. कोर्टात पाहिलेला चेहरा ती कशी विसरेल? गुडघ्याला बरं वाटतं म्हणून मास्तर तिथल्या धर्मशाळेत उतरले होते आणि उद्या संध्याकाळच्या गाडीने ठाण्याला परतणार होते. शेजारच्या एका म्हाताऱ्याने, पायाला काय झालं, म्हणून विचारलं, आणि ते हसत हसत सगळी हकिकत सांगत बसले. तुळजा पाठमोरी उभी राहून ऐकत होती.

"काय म्हनले?" नवशाने विचारलं.

"म्हनले, ऑफसाईड होता, त्यात वाद न्हाय. पन तसा गोल मी परत बगितला न्हाय. आनि म्हनले, पोरगा कुटं असंल कोन जाने, पाय सांभाळून असला म्हंजे झालं."

नवशा खाली बघतच म्हणाला, "ऑफसाईडच होता. मारतानाच मला ठावं होतं."

सावळारामने तुळजाला विचारलं, तिथेच पाया पडून नवऱ्याचं नाव का नाही सांगितलं, प्रश्न मिटला असता.

"तो सबूद माजा न्हवता, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "यांनी आईला दिलेला. मंग देवीपुडं उबी राहिले तवा पावलं पन वाहवंनात. देवी घेईल चांदी. मास्तरांचा गुडगा तिथं पान्यात हाय."

सावळारामने मग व्यवहाराची बाजू मांडली. जायचंच तर एसटीने जा. खडीच्या रस्त्याने अनवाणी दिवसभर चाललास तर रविवारी मैदानात उभा तरी राहशील का? नाहीतर इतकी वर्षं थांबलास, आणखी दोन दिवस थांब, रविवारी खेळून मग जा. बोलणं चुकीचं नव्हतं. नवशाने ते सगळं ऐकून घेतलं, त्याला जेवून जायचा आग्रह केला आणि मैदानावर किती वाजता यायचं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. सावळाराम काय ते समजला: हा चालतही जाणार आणि रविवारी मैदानावरही येणार. निघताना त्याने बूट मात्र उंबऱ्याशीच ठेवले.

शनिवारी भल्या पहाटे, लूमचा खडखडाट सुरू होत असताना, नवशा कारखान्याच्या दारात गेला. शेजारच्या लूमवरचा रहमत आत सूत जोडत होता. त्याला बाहेर बोलावून नवशाने आजचा दिवस आपले लूम बघशील का, विचारलं. रहमतने त्याला वरून खाली न्याहाळलं. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून नवशाने ते गळ्यात अडकवले होते.

"जूते गले में, पैर नंगे. उल्टा आदमी है तू," रहमत म्हणाला. "जा, मैं देख लूँगा."

घरी येऊन त्याने आईच्या तसबिरीला हात जोडले. तुळजाने भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. चांदीची पावलं तिने देव्हाऱ्यात ठेवली होती आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. येताना मास्तरांना घरी जेवायला बोलवा, एवढंच ती म्हणाली, जसं काही तो पाहुण्यांकडेच निघाला होता.

एसटी स्टँडवर वज्रेश्वरीची गाडी उभी होती. कंडक्टर खिडकीतून हाका मारत होता. नवशा गाडीशेजारून पुढे गेला. नदीनाक्यावर पोलिसाने एका ट्रकला शिट्टी मारली. नवशाचं पाऊल अडखळलं, हात मांड्यांकडे गेले, पण मध्येच त्याने ते गळ्यातल्या बुटांवर नेऊन ठेवले. पुलापलीकडे दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलं होतं. रस्त्याच्या कडेच्या दवाने भिजलेल्या गवतावरून, खडी टाळत, तो चालू लागला.