डॉक्टरांच्या घरी नोटीस

माझा उल्हास इथे अमेरिकेत, टेक्सासच्या शुगर लँडमध्ये फरश्या बसवतो. डॉक्टर राजीवच्या नव्या घराचा अख्खा खालचा मजला त्याने जुलैमध्ये गुडघ्यांवर बसून केला. काम दिलं कंत्राटदाराने, आणि सप्टेंबर उजाडला तरी त्या बाबाने दमडी दिली नव्हती.

वकील म्हणाला, घरमालकाला सर्टिफाइड, म्हणजे पोस्टाच्या पावतीचं, पत्र पाठवा, पंधरा सप्टेंबरच्या आत. म्हणजे मालक कंत्राटदाराचे पैसे अडवू शकतो. तारीख चुकली की थकलेल्या पैशांसाठी त्या घरावर दावा लावायचा तुमचा हक्क गेला.

पत्र तयार झालं आणि आमच्या व्हॅनमध्ये पडून राहिलं.

"आई, मंडळात गणपतीच्या आरतीनंतर मी डॉक्टरांना सांगितलंय. 'बघतो' म्हणाले. आपल्याच माणसाला नोटीस कशी पाठवायची?"

"आपला माणूस 'बघतो' म्हणाला आणि मोदक खायला गेला. कोर्टाला काय, आरतीचं ताट दाखवशील? काढ गाडी, नाहीतर पोस्टात मी चालत जाते."

या गावात म्हातारी बाई रस्त्याने चालली तर लोक पोलिसांना बोलावतात. त्याने निमूट गाडी काढली. पावती मी स्वतः मागून घेतली.

चौदा तारखेला डॉक्टरची बायको पद्मिनी फोनवर कडाडली. "मावशी, आमच्या घरावर नोटीस? एक फोन करायचात!"

"उल्हास तुझ्या नवऱ्याशी समोरासमोर बोललाय. त्याचं काय झालं?"

"अहो, सोमवारी कंत्राटदाराला शेवटचा चेक देतोच आहोत आम्ही."

"दे की. नोटीस हातात असताना दिलास तर उल्हासचे पैसे तुमच्या खिशातून जातील. खाली लिहिलंय, वाच."

पलीकडे कागद फडफडला. मग डॉक्टरचा आवाज आला, एकदम मऊ. "मावशी, चेकमधून किती अडवायचे?"

"आकडा पत्रात आहे. डॉक्टर तुम्ही, वाचून मी दाखवू?"

"अडवतो," तो म्हणाला.

पद्मिनीने फोन परत घेतला. "हे मंडळात बोलू नका हं, प्लीज."

"बोलणार. लाज आम्ही का धरायची? काम केलंय, भीक नाही मागितली."

फोन ठेवला. उल्हास मान खाली घालून बसला होता.

"मान वर कर," म्हटलं, "आणि त्या नंदूला फोन लाव. भिंती त्यानेच रंगवल्यात ना तिथल्या, आणि त्याचेही पैसे अडकलेत? तोही आरतीत बोलून मोकळा झाला असेल. सांग त्याला, उद्या पंधरा आहे. पोस्ट पाचला बंद होतं. लाजत बसला तर म्हणावं, मी येते."