बिनबोलीचा शेवट

या, असे जवळ सरकून बसा. उज्जैनच्या उषाताई कीर्तनकारांनी एका दुपारी घरातल्या घरात कीर्तन केलं. श्रोता एकच. त्या दुपारची गोष्ट सांगायची आहे.

उषाताईंनी कॅसेट व्हीसीआरमध्ये सरकवली आणि पदराने टीव्हीची काच पुसली. त्यांच्या यजमानांना, गोपाळकृष्णरावांना, त्या काचेचा उपयोग नव्हता. बँकेतून रिटायर झाले आणि काचबिंदूने त्यांची नजर नेली.

"फ्रीगंजच्या व्हिडिओवाल्यानं इंदूरहून मागवली," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आंटी, ये तो कोई ले ही नहीं जाता."

"क्विन्बीचा शेवटचा सिनेमा आहे. हा काढला आणि गेला बिचारा," गोपाळकृष्णराव म्हणाले.

हॅरल्ड क्विन्बी हा अमेरिकी दिग्दर्शक. गोपाळकृष्णरावांनी कॉलेजात त्याचा पहिला सिनेमा पाहिला आणि मग मिळेल तो पाहत गेले. नजर गेल्यावर नवरा-बायको ते सगळे ओळीने पुन्हा लावत होते. इंग्रजी संवाद ते स्वतः ऐकत. पण क्विन्बीची एक खोड होती. शेवटच्या प्रसंगात तो कुणालाच बोलू देत नसे. तेवढं उषाताई सांगत, आणि ते आठवणीतून चुका काढत. दिवा वाऱ्यानं नाही गं, बाईनं विझवला.

"तुमच्या या अमेरिकी बुवाच्या सिनेमात घरातून गेलेला माणूस परत म्हणून येत नाही," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "एकदा आपल्या देवास गेटच्या बसस्टँडवर आणून सोडा त्याला. बस बरोबर सापडेल."

तेव्हा ते खूप हसले होते.

हा सिनेमा मात्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यात बापाशी भांडून लेक घर सोडून जातो. त्यांचा मुलगा विहंगही असाच गेला होता. सरकारी नोकरी सोडून नव्या विदेशी कंपनीत निघाला म्हणून बाप बोलू नये ते बोलून बसला. दोन दिवाळ्या झाल्या, फोन नाही.

संवाद थांबले. नुसता पियानो राहिला.

"सांग," गोपाळकृष्णराव म्हणाले. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला होता.

पडद्यावर म्हाताऱ्याने दोन ताटं मांडली. वाट पाहिली. मग एक ताट उचलून कपाटात ठेवलं. अंधार झाला, नावं वर सरकू लागली.

आख्यान रंगवावं, पण घडलेलं बदलू नये, हा गुरूंनी घालून दिलेला नेम उषाताईंनी जन्मभर पाळला होता. सिनेमा त्या नेहमी बसून सांगत. आज उठल्या. कीर्तनाला देवापुढे उभं राहताना खोचत तसा पदर खोचला.

"म्हातारा दोन ताटं मांडतो. वाट बघतो. मग पायरीवर कुणीतरी येतं. लेकच. आत येतो, हात धुतो, ताटावर बसतो. बस, इतकंच."

"बोलतात काही?"

"नाही. जेवतात."

गोपाळकृष्णरावांनी खुर्चीचा हात सोडला.

"क्विन्बीनं असं कधी केलं नसतं, उषा."

उषाताईंनी खाली पाहिलं. पदर तसाच खोचलेला होता.

गोपाळकृष्णराव चाचपडत खुर्चीवरून उतरले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि त्यांनी हात जोडले.

"तेवढं पुन्हा सांग."

तर मंडळी, कधी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या विहंगची आठवण असू द्या.