एनेची पाहुणी

सासूबाईंशी माझं कधी पटलं नाही, असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय! आमचं पटायचं, फक्त मोठ्या आवाजात पटायचं.

तेव्हा आम्ही किर्गिझस्तानात तोकमोकला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. समोरच्या दारात बेर्ता. जर्मन खरी, पण किर्गीझ आमच्याहून झणझणीत बोलायची. सासूबाईंना तीही आमच्यासारखीच 'एने', म्हणजे आई, म्हणायची. तिचे लोक एकेक करून जर्मनीला गेले, तशी तीही निघाली. आदल्या दिवशी कुंडी घेऊन आली.

"झूरा, ही लिली माझ्या आईची. दर मार्चला हिचं फूल आईच्या कबरीवर ठेवते. आता तू ठेवायचं."

"ठेवीन गं, पण माझ्या हाताला झाडं लागत नाहीत."

"काही अवघड नाही. फूल गेलं तरी पानं कापू नकोस, ऊन-पाणी दे. ऑगस्ट लागला की पाणी बंद. पानं वाळली की पलंगाखाली अंधारात ढकल. मग थेंबसुद्धा द्यायचा नाही. नीट झोपली तरच फुलते ती."

एने वाडग्यांत चहा ओतत होत्या. हात थांबला. "दुसऱ्याच्या घरची लेक आपल्याकडे येणार आणि तिला उपाशी ठेवायचं? आमच्यात असलं चालत नाही."

"एने, लिली आहे ती!"

"असेल. पाहुणी ती पाहुणी."

बेर्ता हसता हसता रडायला लागली. मग मीही.

सगळ्यात जास्त अंधार एनेंच्या पलंगाखाली. तिथेच कुंडी ठेवली. सांगितलं तस्सं केलं. पण दर हिवाळ्यात बाहेर काढावी तर माती ओली, पानं लांबलचक पिवळट आणि फुलाचा पत्ता नाही. नवऱ्याला धारेवर धरलं, तर तो म्हणाला, "मी स्वतःच्या अंगाला पाणी लावत नाही, तिला कुठून घालू?"

एने म्हणाल्या, "जमीन ओल धरते."

"दुसऱ्या मजल्यावर?"

"सरकारी बांधकाम! दुसरं काय होणार?"

दर मार्चला मी रिकाम्या हातांनी कबरीवर जायची, गवत उपटायची आणि बेर्ताच्या आईला सांगायची, "याही वर्षी नाही हो आली." मार्च सरला की बेर्ताचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "फुलली?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "असू दे." ते 'असू दे' मला फार लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग एका ऑक्टोबरात, लिली पलंगाखाली गेल्यावर, एनेंनी अंथरूण धरलं. भेटायला येणाऱ्यांनी घर भरलेलं. शेवटी शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, "झूरा, पाहुणीला चहा दे."

"सगळ्यांना दिला, एने."

"तिला नाही दिलास."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मी वाद घातला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्या गेल्या. त्यांच्या पलंगावर कुणी बसेना, आणि पलंगाखालच्या लिलीची मला आठवणच राहिली नाही. फेब्रुवारीत झाडलोट करताना वाकले. कुंडीतली माती खडखडीत वाळलेली, काठाला चहापत्तीचा जाड थर, आणि कंदातून अंगठ्याएवढी कळी वर आलेली.

मी तिथेच बसकण मारली. 'तिला नाही दिलास.' अगं बाई! म्हणजे रोज वाडग्यातला अर्धा चहा पलंगाखाली, आणि तोंडाने 'सरकारी बांधकाम'! "इतकी वर्षं चकवलंत होय मला!" असं मोठ्याने ओरडले. उलट उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग मात्र मला रडू आवरेना.

मार्चमध्ये चार लालभडक फुलं आली. दांडा कापून कबरीवर ठेवला. घरी येऊन बेर्ताला फोन लावला, "फुलली गं." पलीकडून नुसते हुंदके. एनेंच्या चहाचं मात्र तिला सांगितलं नाही. ते आमच्या घरातलं.

इतक्या वर्षांच्या खाण्यापिण्याने कंदाला शेजारी एक पिल्लू फुटलं होतं. ते वेगळ्या कुंडीत लावलं. मोठी दर वर्षी उपाशी झोपते आणि फुलते. बेर्ताच्या आईला फूल चुकत नाही. धाकटी एनेंच्या पलंगाजवळ असते. माझ्या चहातला शेवटचा घोट रोज तिचा. नुसती पानं काढते, पण कशी तरारलेली!

परवा माझी सून म्हणाली, "आई, हिलाही झोपवा ना. कधी फुलायची ही?"

म्हटलं, "तिला फुलायचं नाहीये, पोरी. ती चहाला आली आहे."