कात्रणाची मागची बाजू

बायको दवाखान्यात वारली, पण लोकांना कळलं ते वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा. सकाळीच दुकानासमोर माणसं जमली. आमचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. मेहुण्याने दुकानातल्याच कात्रीने फोटो आणि खालचा मजकूर कापून घेतला. आमच्यात तशी पद्धत आहे. माणूस गेलं की वर्तमानपत्रातलं कात्रण प्रार्थनागृहाच्या फळ्यावर लावायचं. रविवारच्या प्रार्थनेत धर्मगुरू त्या फळ्यावरूनच नावं घेतात. फळ्यावर नाही, त्याचं नाव नाही.

तिला त्याची फार काळजी होती. दवाखान्यात म्हणाली होती, "माझं नाव पूर्ण घ्यायला सांगा हं. गडबडीत अर्धं गिळतात ते." तेवढं एकच मागितलं तिने.

प्रार्थनागृहात चिटणीस भेटले. त्यांनी कात्रण हातात घेतलं, हळहळले आणि उलटं करून पाहिलं.

मागे दोन पुरुषांचा फोटो होता. दोघेही नवरदेव, हातात हात. अशा लग्नांना कायद्याने मान्यता द्या, असं वर्तमानपत्राने पानभर लिहिलं होतं. धर्मगुरू बरेच दिवस त्या वर्तमानपत्राविरुद्ध बोलत होते, ते घरात घेऊ नका म्हणत होते. मला ठाऊक होतं. पण इथे सगळे वाचतात ते तेच, आणि मी फक्त तिचा चेहरा पाहिला होता.

"हे नाही लावता येणार, भाऊ," चिटणीस म्हणाले.

"तोंड माझ्या बहिणीचं आहे," मेहुणा म्हणाला. "पाठ भिंतीकडे. कोण बघतंय?"

"देव बघतो."

"मग त्याने सकाळीच वाचला असेल की पेपर."

"जीभ आवरा. दुःखाचं घर आहे म्हणून ऐकून घेतोय."

"दुःखाचं घर आमचं आहे. तुमचं काय गेलं?"

आवाज ऐकून धर्मगुरू बाहेर आले. त्यांच्या अंगात पांढरा झगा होता. त्याची कॉलर ती हाताने घासायची, फुकट, सेवा म्हणून. हा झगाही तिनेच धुतलेला होता.

"फार सालस बाई होत्या," ते म्हणाले. "पण ही पाठ या भिंतीला टेकणार नाही."

"मागे कोरा कागद चिकटवतो, गुरुजी," मी म्हणालो.

"झाकलं म्हणजे गेलं का? आत असतंच ना ते."

"मग नाव हाताने लिहून लावतो."

"आता विषय तेवढाच राहिला नाही. रविवारी उभे राहा. त्या वर्तमानपत्रात फोटो दिला ही चूक झाली, ते लोक पाप पसरवतात, एवढं सांगा. लगेच मी नाव घेतो."

"पूर्ण?" मी विचारलं. विचारल्यावर माझी मलाच किळस आली.

"पूर्ण," ते म्हणाले आणि गोड हसले.

त्या दोघांचं लग्न मला पटतं का, याचा मी कधी विचार केला नव्हता. मागे एकदा इस्त्रीचे कपडे बांधताना असाच एक फोटो तिच्या हातात आला होता. तिने चष्मा लावून पाहिला, "खुश दिसतात बापडे," म्हणाली आणि त्या पानात कुणाची तरी पँट गुंडाळली. आमच्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालं.

रविवारी मी उभं राहायच्या तयारीनेच गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. नावं घेण्याआधी धर्मगुरू म्हणाले, "आपल्याच एका बहिणीच्या चेहऱ्यामागे त्या वर्तमानपत्राने आपली घाण चिकटवली." घाण म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात आंबट पाणी आलं. मग त्यांनी नावं घेतली. सुनेला उपाशी ठेवणाऱ्या एका म्हातारीचं नाव घेतलं, तेही पूर्ण. मग थांबले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"दाजी, उठताय का?" मेहुणा कुजबुजला.

"नाही."

"बरं केलंत."

धर्मगुरू पुढच्या प्रार्थनेकडे वळले. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं तिथे गाणाऱ्या बायकांनी खाली बघून सूर धरला.

बाहेर चिटणिसांनी गाठलं. "दोन वाक्यं तर होती. बायकोपेक्षा जड झाली का?" आणि लगेच म्हणाले, "बरं, बैठकीच्या चादरी उद्या पाठवू ना, नेहमीसारख्या?"

मी पायरीवर थुंकलो. आयुष्यात कधी असा थुंकलो नव्हतो.

"पाठवा की," मेहुणा म्हणाला. "त्याच पेपरात बांधून देतो."

चादरी खरंच आल्या. गाठोडं दाराशी पडून आहे, घामाचा वास मारतंय. दुसऱ्या कुठल्या प्रार्थनागृहात विचारावं, असं मेहुणा म्हणतो. मी अजून गेलेलो नाही. तिचं नाव प्रार्थनेत घ्यायचं राहिलं आहे.