गच्चीवरची वाट

"खाला, तूच समजाव तिला," ताहिर दारातूनच म्हणाला. "आई सकाळीच जुन्या घरी जाऊन बसलीय. पडद्याआडच्या त्या कुब्ब्यात! आणि आज माझे फ्रेंच पाहुणे यायचेत घर बघायला."

मी किटली खाली ठेवली. "बसू दे की. बाप जाऊन आठवडा नाही झाला तुझा."

"नव्या घरात बस म्हटलं ना मी! गालिचे घातले, खुर्च्या मागवल्या. सगळ्या बायका येऊन नाही का गेल्या?"

गेलो होतो. मीही गेले होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसलो, बोलायचं ते बोललो. मैमूना मात्र रडली नाही. दुसऱ्याच कुणाच्या घरी सांत्वनाला आल्यासारखी बघत राहिली. जन्मभराची मैत्रीण माझी, तिचं रडू असं आत अडकलेलं मला बघवेना.

ताहिरच्या गाडीतून मी वाळवंटातल्या आमच्या जुन्या गावात, जुन्या गदामिसला गेले. सरकारने गावाबाहेर सिमेंटची घरं दिली तेव्हा आम्ही नाचत निघालो होतो, खोटं कशाला बोलू? नळ होता, वीज होती. एका घराची गच्ची दुसऱ्या घराला लागत नाही, हे सामान उतरवल्यावर लक्षात आलं.

जुन्या गावात गल्ल्या पुरुषांच्या. वरून झाकलेल्या, अंधाऱ्या, थंड. गच्च्या आमच्या. अख्खं गाव आम्ही वरच्या वर पालथं घालायचो. मैमूनाच्या आणि माझ्या गच्चीत एकच कठडा होता. मीठ, निखारे, तान्ही पोरं, भांडणं, सगळं त्याच्यावरूनच इकडून तिकडे जायचं.

मी चाचपडत गल्लीतून गेले आणि दारातून आत शिरले. जिना चढून मोठ्या खोलीत आले. भिंतीवरची लाल नक्षी, पितळी वाट्या, आरसे, ताहिरने पर्यटकांना दाखवायला सगळं घासूनपुसून ठेवलंय. कोपऱ्यातल्या कुब्ब्यापुढे पाहुण्यांसाठी दोरी बांधली होती, ती सोडून, नीट गुंडाळून बाजूला ठेवलेली. पडद्यामागच्या त्या एवढ्याशा जागेत मैमूना बसली होती.

"कुठून आलीस?" तिने विचारलं.

"ताहिरच्या गाडीतून."

"ते नाही विचारलं. घरात कुठून आलीस?"

"दारातून. आणखी कुठून येणार?"

"दारातून पुरुष येतात, खदूजा."

"अगं बाई, माझे गुडघे बघ! त्या कठड्यावर चढले तर उद्या तुला माझ्याच मयताला यावं लागेल."

"येईन. गच्चीवरून येईन." ती हसली नाही. "लग्नाच्या रात्री मी इथे बसले होते. सकाळी तू पहिली आलीस, वरून. त्यानंतर आज बसलेय. कुब्ब्यात बाई दोनदाच बसते, नवरी होऊन आणि विधवा होऊन. तिथे त्या खुर्च्यांवर मला हाजी गेलेच नाहीत असं वाटतं गं. फ्रान्सचे लोक येतील, बघून जातील. माझ्याकडे कुणी यायचं नाही का?"

हट्टी म्हातारी! नवऱ्यानेच, हाजी मुस्बाहनी, लाडावून ठेवली होती. मी पुटपुटत खाली उतरले आणि शेजारचं माझं दार उघडलं. जुनी किल्ली अजून गळ्यातच असते माझ्या, उगीचच. जिन्यावर गुडघाभर धूळ. दोन्ही हात टेकत, देवाचं नाव घेत, मधूनमधून मैमूनाला शिव्या देत मी वर पोचले.

कठडा होता तिथेच होता, एका बाजूने ढासळलेला. मी एक पाय पलीकडे टाकला आणि बघते तर काय, समोर तिच्या गच्चीवर ताहिर आणि त्याचे पाहुणे! त्याने त्यांना आधी वरच आणलं होतं. हात पसरून तो काहीतरी समजावत होता. सगळे माझ्याकडे वळले. एका बाईने कॅमेरा उचलला. माझा एक पाय इकडे, एक तिकडे, ओढणी घसरलेली. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताहिर बोलता बोलता थांबला. मग त्याने घसा खाकरला, त्याचे वडील गच्ची दुरुस्त करायला वर आले की बायकांना कळावं म्हणून खाकरायचे तस्साच, आणि माझ्याकडे पाठ केली. पाहुण्यांना त्यांच्या भाषेत हळूच काही म्हणाला. कॅमेरा खाली गेला. ते सगळे एकेक करून खजुराच्या बागांकडे तोंड करून उभे राहिले. कुणी हसलं नाही.

मी दुसरा पाय आणला. कसा, ते विचारू नका.

गच्चीवरून जिना उतरताना खालून आवाज आला, "कोण आहे?" जसं काही तिला ठाऊकच नव्हतं.

"मी, खदूजा. हाजी मुस्बाह गेले म्हणून कळलं."

"गेले गं," मैमूना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. किती मोठ्याने! गल्लीतल्या पुरुषांनाही ऐकू गेलं असेल. ती जरा सरकली. कुब्ब्यात दोघींपुरती जागा नव्हतीच, तरी मी तिला धरून बसले आणि तिच्याबरोबर पोटभर रडले.

वर ताहिर पाहुण्यांना घेऊन उन्हात तसाच उभा होता. तिचं रडून होईपर्यंत गच्चीवर एकही पाऊल वाजलं नाही.