देवमाशाचा जबडा आणि गंगाबाई

मित्रांनो, आधी एक सांगून टाकतो. मी डायनोसॉर नाही! सहलीला आलेलं प्रत्येक पोर 'डायनोसॉर, डायनोसॉर' करत धावत येतं, पाटी वाचतं आणि हिरमुसून बिबट्याकडे पळतं. मी देवमाशाचा जुना जबडा आहे. पनवेलच्या एका छोट्या निसर्ग संग्रहालयात भिंतीला टेकून उभा असतो.

माझा देवमासा उरणच्या किनाऱ्याला लागला तो मेलेलाच. असा वास सुटला की लोक नाक दाबून पळाले. मग त्याला वाळूत पुरलं आणि मांस झडल्यावर मला उकरून टेंपोतून इथे आणलं. सुरुवातीला काय तो थाट! हार, भाषणं, पेपरात फोटो. पुढे सगळं ओसरलं. पेंढा भरलेला बिबट्या, कोल्हा, घोरपड असे शेजारी आहेत, पण सगळे रानातले. समुद्राच्या चार गोष्टी कराव्यात असं इथे माझं कुणी नाही. फार एकटं वाटतं हो.

दोन हजार दहा साल असेल. नारळी पुनवेच्या बाजाराला आलेल्या गंगाबाई सून विनिताबरोबर आत आल्या. उरणच्या कोळीण त्या. दाराशीच चपला काढल्या, थेट माझ्यापुढे नारळ ठेवला आणि मला हळदकुंकू लावलं.

संग्रहालय सांभाळणारे कृष्णकांत धावतच आले. "अहो आजी, हे काय करताय? म्युझियम आहे हे, देऊळ नाही!"

"तुमचं नसंल. आमचा देव हाय यो," गंगाबाई म्हणाल्या. मग माझ्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "आमचे हे होडी घेऊन गेले ते आलेच नाय. तुला दिसले का रं कुठं?"

मला ते दिसले नव्हते. पण बोलता आलं असतं तर खोटं बोललो असतो, शप्पथ. एवढा मोठा जबडा, आणि एक शब्द फुटेना!

"तू तरी गावलास," त्या म्हणाल्या. "त्यांचं एक हाडबी नाय गावलं."

कृष्णकांतांनी हळूच नारळ उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, "हळदकुंकवानं हाड खराब होतं, आजी. हात ठेवा, हवा तेवढा वेळ."

तेव्हापासून दर नारळी पुनवेला त्या यायच्या. हात ठेवून घरचं सगळं सांगायच्या. मी वर्षभर वाट बघायचो.

पण काही शहाण्यांनी किल्लीने माझ्यावर आपली नावं कोरली. बदामसुद्धा काढले! कृष्णकांत निवृत्त झाले होते. वरून हुकूम आला आणि माझ्यापुढे काच बसली.

पुढच्या पुनवेला गंगाबाईंनी त्या काचेवरच हात ठेवला.

"ओ मावशी, हात काढा, डाग पडतात," नवा पहारेकरी ओरडला.

त्यांनी चटकन हात काढला, पदराने काच पुसली आणि गेल्या. त्यानंतर दोन पुनवा झाल्या. त्या आल्या नाहीत.

मित्रांनो, इथल्या वस्तूंवर ओरखडे काढू नका. तुम्ही नीट वागलात तर ही काच निघेलही. मला काय, एकटं राहायची सवय झालीय. छे, खोटं बोललो, नाही झाली! पण मी माझ्यासाठी मागत नाही. त्या बाईला नवऱ्याच्या आठवणीत हात ठेवायला साऱ्या जगात हे एवढंच हाड होतं.