सीरमच्या घोड्याची कैफियत

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो. शर्यतीचा नाही, लढाईचा नाही, की कुणा राजाचाही नाही. रंगाने मी मातकट, म्हणून सगळे मला भुऱ्या म्हणतात. तरुणपणी मी लाकडाच्या वखारीतली गाडी ओढत असे. ओंडके चढावर नेताना छाती फुटायची वेळ येई, पण मालक मायाळू होता. पुढे त्याने ट्रक घेतला. ट्रकला चंदी घालावी लागत नाही आणि तो लंगडतही नाही. मी नकोसा झालो. तेव्हा मला सीरमच्या तबेल्याने विकत घेतलं.

या तबेल्यातल्या घोड्यांना काहीही ओढावं लागत नाही. त्यांच्या रक्तापासून माणसांसाठी सीरम नावाचं औषध करतात. माझ्या वाट्याला घटसर्प आला. हा रोग लहान मुलांच्या घशात शिरतो. त्याचे जंतू घशातच बसतात, पण त्यांचं विष रक्तातून अंगभर हिंडतं. तेच विष, त्याचा डंख काढून घेऊन, मला टोचू लागले.

पहिल्या सुईनंतर माझा खांदा टरारून सुजला. अंग तापलं, दाणा कडू लागतो की गोड, काही कळेना. माझी देखभाल करणारा मोतद्दार माझ्याजवळ बसून राहिला. हा उतारवयाचा, हडकुळा माणूस. खरारा करायचा तर असा, की डोळे मिटून घ्यावेसे वाटत. त्याची नात रोज दुपारी त्याचा डबा घेऊन यायची. एका जागी पाय ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. मोतद्दार तिच्या आईचा बाप. मुलगी, जावई आणि नात असे सगळे त्याच्याच दोन खोल्यांत राहत.

भिंगरीने माझी सूज पाहिली आणि ती घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंवर तावातावाने धावून गेली.

“तुम्ही याला आजारी का पाडता?”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. “आजारी नाही गं. त्याच्या अंगात आता धावपळ चाललीय. बघ, आपल्या अंगात जन्मापासूनचे पहारेकरी असतात. कातडी, शेंबूड, ताप आणि घुसखोराला गिळून टाकणाऱ्या पेशी. आलेला कोण, कुठला, याची ते फार चौकशी करत नाहीत. परका दिसला की तुटून पडतात. ही सूज म्हणजे त्यांचीच गर्दी.”

“मग ते जिंकले की संपलं?”

“कधीकधी संपतं. पण काही शत्रू त्यांना पुरून उरतात. मग गिळलेल्या शत्रूचा तुकडा घेऊन त्यातलेच काही गळ्यातल्या, काखेतल्या गाठींमध्ये जातात. तिथे दुसऱ्या पेशी असतात. त्या सावकाश कामाला लागतात, पण नेमक्या त्याच शत्रूला धरणारं हत्यार घडवतात. त्याला प्रतिद्रव्य म्हणायचं. आणि त्यातल्या काही पेशी ते सगळं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. तोच शत्रू पुन्हा आला, की या वेळी उशीर होत नाही.”

“माझ्या अंगातपण आहेत त्या पेशी?”

“आहेत की. पण त्यांना शत्रूची ओळख करून द्यावी लागते. तुझ्या सगळ्या लसी झाल्यात ना?”

भिंगरीने आजोबांकडे पाहिलं. मोतद्दार म्हणाला, “एकदा टोचलं होतं, बाई. लहान होती. दंड सुजला, ताप चढला, रडून रडून घर डोक्यावर घेतलं पोरीने. जावईबापू म्हणाले, पुन्हा नाही. चांगल्या पोरीला कशाला छळायचं?”

“काका, याला ताप आला तेव्हा तुम्ही घाबरलात का?”

“नाही.”

“मग? तिचा ताप म्हणजेही शिकवणी सुरू झाली होती. एका दिवसात शाळा बंद केलीत तुम्ही. घरी बोला.”

“बोलतो,” मोतद्दार म्हणाला.

तो बोलला, पण कसा, ते त्याने मला दुसऱ्या दिवशी खरारा करताना सांगितलं. जावई मोटारी दुरुस्त करायचा. स्वभावाने वाईट नव्हता, मुलीवर जीव टाकणारा होता. तो म्हणाला, “मामा, आजूबाजूला कुणाला झालाय का हा रोग? मग उगाच कशाला?” मोतद्दार गप्प बसला. भिंगरीच्या आईनेही मान खाली घातली. विषय तिथेच संपला.

मी मात्र शिकत गेलो. दर वेळी सूज कमी आणि रक्तातलं हत्यार जास्त. मग माझ्या मानेच्या शिरेतून रक्त काढू लागले. तांबड्या पेशी मला परत देत आणि पिवळसर पाणी ठेवून घेत. त्या पाण्यातली प्रतिद्रव्यं शुद्ध करून लहानशा बाटल्यांत भरत. माझं रक्त सगळ्यांत कसदार आहे, असं डॉक्टरीणबाई पाहुण्यांना सांगत. शाळांच्या सहली येत, मुलं टाळ्या वाजवत. भिंगरी तर त्यांना अडवून सांगायची, “हा आमचा भुऱ्या आहे!” मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली होती. ओंडके ओढून जे कधी मिळालं नव्हतं, ते इथे नुसतं उभं राहून मिळत होतं.

एका पावसाळ्याच्या अखेरीस भिंगरी डबा घेऊन आली नाही. घसा दुखतोय, मोतद्दार म्हणाला. मिठाच्या गुळण्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशीही ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग तिची मान सुजली, आवाज बसला, आणि आईने विजेरी लावून पाहिलं तर घशात राखाडी पापुद्रा धरलेला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एका नजरेत ओळखलं. म्हणाले, सीरम हवं, आणि ते आमच्याकडे नाही.

मोतद्दार धावतच तबेल्यात आला. त्याने माझ्या मानेला मिठी मारली आणि तिथूनच ओरडला, “बाई, याचं रक्त काढा! आत्ता काढा! लागेल तेवढं काढा!”

“काका, असं कच्चं रक्त तिला देता येत नाही. त्यातच जायची ती. त्याचं औषध व्हायला फार दिवस लागतात.”

“मग याचा उपयोग काय, बाई? काय उपयोग याचा?”

मी उभा होतो. माझ्या अंगात तिला पुरून उरेल इतकं हत्यार होतं, आणि मी नुसता उभा होतो.

आमच्या गोदामातल्या बाटल्या कधीच लांबच्या गावांना गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर फोन केले. शेवटी एका दूरच्या शहरात साठा सापडला. तो आणायला जावई स्वतः मोटार घेऊन गेला. माझ्याच रक्ताची बाटली होती ती, असं बाई नंतर म्हणाल्या. खरं की माझ्या समाधानासाठी, कोण जाणे.

सीरम दिलं आणि पापुद्रा सुटू लागला. मानेची सूज उतरली. भिंगरी दूध प्यायली, उठून बसली, भुऱ्याला माझी आठवण सांगा म्हणाली. मोतद्दार त्या दिवशी माझ्या तोंडात गूळ भरत हसत होता आणि रडतही होता. जावयाने म्हणे इस्पितळातल्या प्रत्येकाचे हात धरले.

डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांना ठाऊक होतं. सीरम रक्तात फिरणारं विष धरतं. जे विष आधीच काळजात जाऊन बसलंय, त्याला ते हात लावू शकत नाही. पुढच्या आठवड्यात भिंगरीची नाडी चुकायला लागली. पाणी मागितलं, आईने पेला भरला, आणि तो तोंडाशी नेईपर्यंत ती गेली.

मोतद्दार बऱ्याच दिवसांनी कामावर आला. खरारा हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने जावई आला. दाढी वाढलेली, बोटांना काळं वंगण. तो माझ्याकडे बघत राहिला.

“एवढं होतं याच्या अंगात?”

“होतं.”

“आणि तिच्या अंगात हे तयार झालं असतं? तिचं तिचं?”

“झालं असतं.”

जावई एकदम फिरला. “मग मामा, तुम्ही मला ओरडून का नाही सांगितलंत? हात धरून का नाही नेलंत तिला? तुम्हाला सगळं माहीत होतं!”

मोतद्दाराने खरारा खाली ठेवला. “जावयाला ओरडायचं नसतं, बापू. तसंच शिकलो होतो.”

त्या दोन खोल्यांत ते अजून एकत्र राहतात, पण भिंगरीची आई दोघांशीही कामापुरतंच बोलते. पुढे तिला मुलगा झाला. त्याच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी झाल्या. बापाने जातीने नेलं. त्याबद्दल बापाच्या कौतुकाचे शब्द मात्र घरात कुणाच्या तोंडून निघाले नाहीत.

आता माझं रक्त पातळ पडलंय. नव्या मोतद्दाराला माझी घाई असते. सहली पुढच्या रांगेतल्या तरण्या घोड्यांकडे जातात. मागच्या आवारात मी उभा असतो आणि माशा वारतो. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मिळालेल्या टाळ्यांचं. माझी ताकद उसनी देता येते, पण ती थोडेच दिवस टिकते आणि पुष्कळदा उशिरा पोचते. लक्षात ठेवणाऱ्या पेशी मी कुणालाही देऊ शकत नाही. त्या ज्याच्या त्याच्या अंगातच तयार व्हाव्या लागतात.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की विचारा, माझ्या सगळ्या लसी झाल्यात का? उत्तर नीट आलं नाही तर पुन्हा विचारा. मोठ्याने विचारा. त्यात कुणाचा मान जात नाही. आणि गेलाच, तर जाऊ द्या.